जेवायला कोणासोबत बसता?

२ जुलै, बुधवार

दोन्हीकडे नाव लागलं. पुण्याच्या यादीत एकोणतिसावं, अमरावतीच्या यादीत तिसरं. एम.एस्सी. संख्याशास्त्र. तेवीस तारखेपर्यंत एक जागा पक्की करायची आणि दुसरी सोडायची.

बाबांनी विचारलं, "कोनतं मोठं?"

मी म्हटलं, "पुण्याचं."

"मंग झालं ना. इचार कायचा करून राह्यली?"

जो विचार करते आहे तो कोणाला सांगण्यासारखा नाही. म्हणून ही वही.

बुलढाण्याच्या कॉलेजात तीन वर्षं मी प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यावर बसून डबा खाल्ला. एकटीने. कोणी माझ्याशी वाईट वागलं नाही. धाडच्या फाट्यावरून सकाळची गाडी पकडायची, तास संपले की लगेच परतीची. सुरुवातीला कोणाशी ओळख झाली नाही, मग ती राहूनच गेली. दुसऱ्या वर्षी जाऊन "मी तुमच्यात बसू का" असं विचारायला लाज वाटते. चौथ्या पायरीला एक तडा होता. आजही मला तो डोळे मिटून कागदावर काढता येईल.

पुढची दोन वर्षं मला तसं जेवायचं नाही. प्राध्यापक दोन्हीकडे चांगलेच असतील. मला हे बघायचं आहे की तिथे मुली राहतात कशा.

पण विचारणार कोणाला? बाबा सातवी शिकून गवंडीकामाला लागले. आईची चौथी झाली आहे. घरात कॉलेज आतून पाहिलेली मीच पहिली, आणि मी पाहिला तो जिना. माहितीपुस्तिकेत झाडाखाली हसणारी चार मुलं आहेत. ग्रंथालयाच्या फोटोतही तीच चार.

म्हणून बारा प्रश्न काढले. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं. रविवारी काय करता. आजारी पडल्यावर सोबत कोण येतं. प्रत्येकाला पाच गुण, एकूण साठ. दोन्हीकडच्या एकेका मुलीला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे, म्हणजे कोणावर अन्याय नको. एकाच्या नमुन्यावर निष्कर्ष काढू नये हे मला ठाऊक आहे. पण दुसरा नमुना आणू कुठून?

चौथा प्रश्न: जेवायला कोणासोबत बसता?

५ जुलै, शनिवार

आमच्या गावातून पुण्याला शिकायला गेलेली मुलगी एकच, भगवानरावांची सुचिता. ती त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांनी बाजारात भगवानरावांना गाठून नंबर आणला. त्यांच्या वावरात आई सोंगणीला, वेचणीला जाते. सुचिताशी मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. ती वरच्या आळीतली, दोन वर्षांनी मोठी.

नंबर लावण्याआधी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"मी महामाया. खालच्या आळीतली. देवानंद मिस्त्रींची मुलगी."

"हाव, वळखलं ना! पंधरा ऑगस्टले भाषण इसरली होती ते तूच ना?"

मी नुसतं हो म्हटलं.

"अवं, हसून नाही राह्यली मी. तू खाली उतरली, न् मंग परत वर जाऊन उरलेलं म्हनून आली. मले आठवते ते."

मी विचारलं, "तुम्हाला आत्ता वेळ आहे का? फोन हातातच होता वाटतं."

"नाही व, इथंच होता. विचार तू. अन् तुमी कायले म्हणते? तू म्हण."

मला ते जमलं नाही. प्रश्न मात्र सगळे विचारले. तिने एकेक उत्तर इतकं नीट दिलं की लिहिताना हात दुखला. ग्रंथालय तीन मजली. वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खिडकीपाशी बसलं की कडुनिंब दिसतो, चार वाजता त्यात पोपट येतात. गुलमोहराखाली एक बाक आहे, तिथे "आम्ही" बसतो. मेसला गुरुवारी मटकी असते. वसतिगृहाच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. रविवारी शांतता असते, खूप वाचून होतं.

चौथ्या प्रश्नाला म्हणाली, "सगळ्यांसोबत."

पाच गुण.

शनिवारची संध्याकाळ, तरी ती माझ्याशी पन्नास मिनिटं बोलली. किती सुस्वभावी आहे.

६ जुलै, रविवार

अमरावतीला धम्मशीला आहे, आईच्या मावसबहिणीची मुलगी. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला. सकाळी दोनदा लावला, उचलला नाही. दुपारी उचलला तेव्हा बस स्टँडवर असल्यासारखा गलका.

"कोन? अव, थांब व, आयकू नाही येऊन राह्यलं. ए, गप्प बसा ना बे! हां माया, बोल."

"मेस कशी आहे?"

"बेकार. डाळीत डाळ सापडली तं मले सांगजो."

मागून कोणीतरी ओरडलं, "काल सापडली होती ना! मीच खाल्ली!"

ग्रंथालयाबद्दल विचारलं तर म्हणाली, "हाये ना. पन पंखा लय आवाज करते. आमी बाहेरच बसतो." रविवारी काय करता, तर कपडे धुतात आणि एकमेकींच्या केसांना मेंदी लावतात. झोप नीट होते का, तर नाही, शेजारच्या खोलीतली एक गाणं म्हणते आणि बाकीच्या तिला थांबवायच्या ऐवजी टाळ्या वाजवतात.

चौथा प्रश्न.

"कोनासोबत म्हंजे? जागाच नाही भेटत व. एका बाकावर सहा-सहा जनी. माह्या ताटातली भाकर कोन खाते ते मलेच नाही समजत."

मी लिहिलं: जागा अपुरी. ताटातलं अन्न सुरक्षित नाही. दोन गुण.

शेवटी म्हणाली, "नको येऊ बाप्पा इथं, पुन्याले जा. आमी तं फसलो!" आणि मागच्या सगळ्या हसल्या. मग कोणीतरी फोन हिसकावला आणि मला म्हणालं, "ये ये, आमच्यासारखी फस!" फोन कट झाला. बाराव्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, त्याला सरासरी गुण दिले.

पुणे चौपन्न. अमरावती सत्तावीस.

१० जुलै, गुरुवार

आषाढ पौर्णिमा. विहारात वर्षावासाचं, पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं, ग्रंथवाचन सुरू झालं. चौथ्या वर्षी मीच वाचते, कारण न अडखळता वाचणारं दुसरं कोणी नाही. वाचनाआधी सगळे पंचशील म्हणतात. चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही, तिथे मी दरवेळी मनात आदला दिवस तपासते. आज तपासलं. काल सुचिताताईशी पुन्हा बोलताना मला मैत्रिणी होत्या असं भासवलं होतं. उद्या सांगून टाकीन.

वाचन आश्विन पौर्णिमेपर्यंत चालतं. त्याआधी मी गेलेली असणार. आई म्हणाली, "पाहू कोनतरी." इथे रोज संध्याकाळी तीस माणसं माझी वाट बघतात, ते जाताना सोडायचं आहे हे माझ्या कागदावर कुठल्याच प्रश्नात आलं नाही.

१२ जुलै, शनिवार

सांगितलं तिला जिन्याबद्दल. तड्याबद्दलसुद्धा.

मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "तू ये इथं, माया. इथं तसं नाही होणार."

आता तीच रोज फोन करते. विषय काही नसतो. आज कडुनिंबावर पोपट किती होते ते सांगितलं. सात. एवढ्या मोठ्या विद्यापीठात एवढ्या ओळखी असताना ती माझ्यासाठी वेळ काढते.

१५ जुलै, मंगळवार

वच्छलाबाई आमच्या घरी आल्या. सुचिताताईची आई. आजवर कधी आल्या नव्हत्या. काम असलं की निरोप यायचा. आई लहान सून होती तेव्हा त्यांच्या गोठ्याच्या कोनाड्यात आमच्या लोकांसाठी वेगळा कप असायचा. आता नसतो. पण येणं-जाणंही नव्हतं.

"सुवर्णा, हायेस का?" म्हणत त्या उंबऱ्यातच थांबल्या. आईने खुर्ची पुसली.

"तुह्या पोरीचं न् माह्या पोरीचं बोलनं होते म्हंते."

मी हो म्हटलं.

"आमच्याशी तं दोन मिन्टं. बरी हाये, जेवली, ठेवते. एवढंच. तुह्याशी काय बोलते व?"

"ग्रंथालयाबद्दल. मेसबद्दल."

"मेसात काय असते?"

मी वही आणून वाचून दाखवलं. सोमवारी बटाट्याची भाजी, मंगळवारी मूग, गुरुवारी मटकी. विहारात बायका ऐकतात तशा त्या हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ते जिन्याचं वाच." मी बावीस पायऱ्या वाचल्या. कडुनिंब वाचला. पोपट दोनदा वाचायला लावले.

"एवढं बोलते तुह्याशी," म्हणाल्या. "एवढं तं ती घरी असतानी बी बोलत नव्हती."

आईने चहा ठेवला. त्या "कायले व सुवर्णा" म्हणाल्या, मग कप घेतला आणि सगळा प्यायल्या. त्या गेल्यावर आई कप हातात धरून उभी होती. मग आमच्याच कपांत ठेवून दिला.

घरच्यांशी दोन मिनिटं म्हणजे अभ्यास फार असणार. पुण्याच्या बाजूने अजून एक मुद्दा.

२१ जुलै, सोमवार. पुणे

काल सकाळच्या गाडीने निघून संध्याकाळी पोचलो. बाबांच्या ओळखीचे एक मिस्त्री इथे साइटवर असतात, त्यांच्या खोलीवर राहिलो. हे त्याच खोलीत बसून लिहिते आहे. बाबा बाहेर त्यांच्याशी सिमेंटबद्दल बोलत आहेत.

न बघता पक्कं करायचं नाही असं मीच म्हटलं होतं. बरं केलं की वाईट केलं, ठरत नाही. जसं झालं तसं लिहिते.

सुचिताताई फाटकापाशी अर्धा तास आधीच येऊन उभी होती. माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. बाबा फाटकाजवळच्या पारावर बसले. "तुमी पोरी फिरा. मी इथं बांधकाम पाहत बसतो. लय जुनं अन् पक्कं काम हाये."

तिने सांगितलेलं सगळं खरं निघालं. ग्रंथालय तीन मजली. उत्तरेची खिडकी, कडुनिंब. पायऱ्या मी मोजल्या, बावीसच. पहारेकऱ्यापाशी, ग्रंथालयात, कार्यालयात ती वेगळ्याच मराठीत बोलायची, हळू, एकेक शब्द ठेवल्यासारखी. माझ्याकडे वळली की लगेच आपली बोली.

वाटेत शेकडो मुलंमुली भेटली. एकानेही तिला हाक मारली नाही. मोठ्या ठिकाणी असंच असेल, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

मग ती मला गुलमोहराखालच्या बाकापाशी घेऊन गेली. "इथं बसतो आम्ही." चार जण सहज बसतील एवढा लांब बाक. त्यावर वाळलेली पानं आणि धूळ साचली होती. फक्त एका टोकाला एका माणसापुरती जागा स्वच्छ होती. तिने ओढणीने शेजारची जागा झाडली आणि म्हणाली, "बस." मी बसले. पाठीला बाकाचा गारवा लागला आणि मला एकदम चौथी पायरी आठवली. का ते तेव्हा कळलं नाही. किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

दुपारी मेस. पोळ्या वाढायला बेबीताई म्हणून एक बाई आहेत. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि चेहरा फुलला त्यांचा.

"सुचिता, आज दोन ताटं? बरं झालं गं बाई. वर्षभरात पहिल्यांदा तुझ्यासोबत कोणी बघितलं."

प्रेमाने म्हणाल्या. सुचिताताईच्या हातातली वाटी ताटावर वाजली.

ती मला कोपऱ्यातल्या टेबलाकडे घेऊन गेली. तिथे तोंड भिंतीकडे करून बसावं लागतं. न बघता ती त्या खुर्चीवर बसली, म्हणजे रोजची.

तिने तिच्या ताटातली लिंबाची फोड माझ्या ताटात ठेवली आणि माझ्या ताटातली मिरची उचलली. गावात हे झालं नसतं. मग मी विचारलं, "चौथा प्रश्न?"

"खोटं नाही बोलली मी," ती म्हणाली. "सगळेच असतात ना मेसात. सगळ्यांसोबतच जेवते."

मी लिंबाची फोड पिळली.

मग ती भिंतीकडे बघत सांगत गेली. पहिल्याच महिन्यात वर्गात काही मांडायचं होतं. ती पहिलं वाक्य बोलली आणि एकाने ते तिच्यासारखंच म्हणून दाखवलं. तो काही वाईट मुलगा नव्हता, सगळे हसले, तीही हसली. पण तेव्हापासून काही बोलायचं म्हटलं की आधी मनात वाक्य नीट लावून घेते.

"अन् वाक्य लागेपर्यंत त्यांचं बोलनं पुढं निघून जाते, माया. मंग ते वाक्य घेऊन कुठं जाऊ?"

"मग मला ये का म्हणालीस?" हे मी तिला पहिल्यांदाच "तू" म्हणून बोलले.

तिने ताट उचललं. निघताना फाटकापाशी एवढंच म्हणाली, "घरी नको सांगजो."

२२ जुलै, मंगळवार

गाडीत आठ तास विचार केला. मी तिला जिन्याबद्दल सांगितलं होतं. दुसऱ्या कोणालाही नाही, फक्त तिला. ते ऐकूनही ती म्हणाली, इथं तसं नाही होणार. मला काय हवं आहे ते तिला नेमकं ठाऊक होतं आणि तरी तिने मला तिथे बोलावलं.

बाबा म्हणाले, "पोरगी गुणाची हाये. पन हडकली."

विहारात रविवारी वाचन झालंच नाही, सोमवारचं आईनेच केलं म्हणे. एक पान. पाऊण तास लागला.

२३ जुलै, बुधवार

धाडच्या सेतू केंद्रात जाऊन अमरावती पक्कं केलं. तिथला माणूस म्हणाला, "पुनं सोडून? पुन्हा इचार, बटन दाबलं की वापस येत नाही." मी दाबलं.

घरी येऊन तिला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"मी अमरावती घेतलं."

"बरं केलं," ती म्हणाली. लगेच म्हणाली, वाक्य आधीच लावून ठेवल्यासारखं. मग थोड्या वेळाने, "तू नीट विचारलं होतं. मीच नीट नाही सांगितलं."

"काळजी घ्या," मी म्हटलं.

ठेवल्यावर लक्षात आलं की मी पुन्हा "तुम्ही" म्हणाले होते.

संध्याकाळी विहाराकडे जाताना वच्छलाबाई वाटेतच उभ्या. "पाहून आली? कशी हाये व माही सुचिता?"

मी म्हटलं, "तब्येत ठीक आहे. अभ्यास छान चालू आहे."

दोन्ही खरं. तरी चौथं शील म्हणताना जीभ अडली, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

४ ऑगस्ट, सोमवार. अमरावती

आले. खोलीत आम्ही तिघी. धम्मशीला फाटकावर चार जणींना घेऊन आली होती, त्यांनी माझी पेटी चौघींत उचलली आणि जिन्यावर एकदा आपटली. मेसचा बाक खरंच तोकडा आहे. आज जेवायला अकरा जणी होतो.

चौथा प्रश्न: अकरा. पाच गुण. आधीचे दोन चुकीचे दिले होते, खोडले.

११ ऑगस्ट, सोमवार

संग्रामपूरच्या एका मुलीचा मेसेज आला. वैष्णवी. माझ्या बुलढाण्याच्या सरांना मी प्रश्नांचा कागद दिला होता, त्यांनी तो ग्रुपवर टाकला. तिला पुण्याच्या शेवटच्या फेरीत जागा मिळते आहे. तिने विचारलं, "ताई, पुन्याबद्दल कोनाले विचारू?"

काय लिहावं याचा दीड दिवस विचार केला. सुचिताताईचं मी सांगणं बरोबर नाही. न सांगणंही बरोबर नाही. शेवटी फक्त नंबर पाठवला आणि खाली लिहिलं, "त्या फोन लगेच उचलतात. चौथा प्रश्न नक्की विचार."

२६ ऑगस्ट, मंगळवार

सगळं ठीक आहे. मुली चांगल्या आहेत. त्यांचं वर्षभराचं काय काय झालेलं आहे, कोणाचा डबा कुठे सांडला, कोणत्या सरांना काय नाव ठेवलं, आणि त्यातला एक शब्द आला की सगळ्या हसतात. मीही हसते, थोडी उशिरा. मला त्या मधेच बसवतात, टोकाला नाही. माझ्या डोक्यावरून इकडची भाकरी तिकडे जाते.

धम्मशीला म्हणते, "माया, तू बोल ना बे कायतरी!" आणि मग सगळ्या एकदम गप्प होऊन माझ्याकडे बघतात.

आई रोज विहारात वाचते आता. आज फोनवर म्हणाली, एक शब्द अडला तर सगळ्या बायकांनी मिळून लावला. "आता दीड पान होते माया. तू वाचत होती तवा भरभर व्हायचं, पन आमाले इचारायला टाइम नव्हता."

बरं वाटलं. वाटायलाच हवं.

सुचिताताईला फोन करावा असं रोज मनात येतं. मला तसा हक्क नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी सगळ्या तलावावर फिरायला निघाल्या. धम्मशीलाने विचारलं, "येते का?" मी म्हटलं, अभ्यास आहे. अभ्यास होताच. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही, रिक्षा थांबली होती.

मेसमध्ये अख्खा बाक मोकळा. मधल्या जागी बसले, मग उठून टोकाला बसले.

साडेबाराला सुचिताताईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. एक, दोन, तीन. अशी ती कधी वाजलीच नव्हती. पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. नाही नाही ते मनात आलं. वच्छलाबाईंना लावावा का? काय सांगणार, तुमच्या मुलीने फोन पहिल्या रिंगला उचलला नाही म्हणून? बेबीताईंचा नंबर घेतला नव्हता, घ्यायला हवा होता. मी तिच्या घरी खरं सांगायला हवं होतं. पंधरा मिनिटं खोलीत येरझारा घातल्या.

मग मेसेज आला. "जेवून राह्यली. करते मंग."

तो मी बराच वेळ वाचला. दुपारभर अभ्यास झाला नाही.

पाच वाजता तिचा फोन आला. मी उचलला तर ती हसली. "काय व, रिंग तं वाजू देजो! फोन हातातच होता काय?"

"नाही," मी म्हटलं, "इथंच होता."

तिच्या मागून कोणीतरी ओरडत होतं, "ताई, तिले सांगा ना, तुमी माह्या ताटातली पोळी पळवता म्हनून!"

"वैष्णवी हाये," सुचिताताई म्हणाली. "संग्रामपूरची. तुनंच तं पाठवली. बाई लय बडबडी हाये, अख्ख्या मेसात आमचाच आवाज. परवा तं तिनं त्या नक्कल करनाऱ्याले पकडलं न् म्हने, पुन्हा म्हन, तुले नीट नाही जमलं! आता तो बी येऊन बसते कधीकधी."

"तिला काय सांगितलंस तू?" मी विचारलं. "चौथ्या प्रश्नाला?"

मागचा आवाज थांबला.

"तिनं तुह्याच कागदावरून विचारलं. तुह्या टायमाले चुकलं ते चुकलं. मी म्हटलं, एकटीच बसते बाई. तू आली तं दोघी बसू."

"मग?"

"मंग काय. आली."

मी "छान झालं" म्हटलं. मनापासून म्हटलं. तिने विचारलं, "तुह्यं कसं हाये? वैष्णवी सांगे, अकरा जनी हायेत म्हने!" मी म्हटलं, "हो, अकरा." मग वैष्णवीने तिला कुठेतरी ओढलं आणि ती म्हणाली, "ठेवते व, बाकावर जाऊन राह्यलो."

तो बाक आता दोन माणसांपुरता तरी स्वच्छ असेल.

मला ती असं म्हणाली असती तर मी गेले असते. त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो तेव्हासुद्धा म्हणाली असती तरी. पण मीही तिला विचारलं, कोणासोबत बसता. मी येऊन बसू का, असा प्रश्न बारांत नव्हता.

विहारात आत्ता पंचशील चालू असेल. इथे मी मनातल्या मनात म्हटलं. चौथ्याला नेहमीसारखा दिवस तपासला. एक खोटं सापडलं, ते लिहून ठेवते.

फोन इथेच नव्हता. हातातच होता, साडेबारापासून.